आमच्या मोरीचं पाणी



ह्या पानावर इंदूरच्या जुन्या आठवणी खूप जणांनी लिहिल्या. राजवाडा झाला, रामबागेतले वाडे झाले, गणेशोत्सवातली नाटकं झाली, सराफ्यातलं खाणं तर दर आठवड्याला होतंच. मी आज तलावाबद्दल लिहिणार आहे, आणि थोडं आमच्या घराच्या मोरीबद्दल. विषय ऐकून नाक मुरडू नका. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

माझी ओळख एवढीच की मी बी.कॉम. झालेला, अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. आता पंच्याहत्तरीला टेकलोय. आमचं घराणं होळकरांच्या चाकरीत इंदूरला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, बाहेर पडलं की हिंदी, आणि दोन्ही मिळून जी भाषा होते ती आमची खरी मातृभाषा. पुण्याचे नातेवाईक हसतात, हसू देत.

लहानपणी श्रावणात एखाद्या रविवारी वडील आम्हाला धार रोडवर सिरपूर तलावाला न्यायचे. दोन सायकली, पुढे दांडीवर मी, मागे कॅरियरवर थोरली बहीण, दुसऱ्या सायकलवर काका आणि डबा. तेव्हा सिरपूर म्हणजे गावाबाहेर. पाळीवर बसून दशम्या आणि बटाट्याची भाजी खायची, पाण्यात दगड मारायचे, आणि परत यायचं. होळकरांच्या राज्यात शहराभोवती जे तलाव बांधले गेले, त्यातला हा एक. वडील पाळीवर हात ठेवून म्हणायचे, "हे आपल्या सरकारांनी बांधलंय." सरकार म्हणजे होळकर सरकार. राज्य विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वडिलांचं सरकार बदललं नव्हतं.

त्या काळी इंदूरात पाण्याची ओढाताण असायची. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार. आई पहाटे चारला उठून हंडे लावायची. गंभीर नदीवरचा यशवंत सागर, तीसच्या दशकात बांधलेला, वाढत्या शहराला पुरेना. १९७० साली नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून मोठं आंदोलन झालं. मी तेव्हा कॉलेजात. पुस्तकं बगलेत धरून आम्हीही मोर्चात घोषणा द्यायला जायचो. शेवटी १९७८ साली नर्मदा इंदूरला आली. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, पंपांनी घाट चढवून आणलेलं पाणी. आईने त्या दिवशी नळाला हळदकुंकू वाहिलं. तिने तेव्हा डोळे पुसले होते, मला स्पष्ट आठवतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पाणी कुठून येतं ह्यासाठी आमची पिढी रस्त्यावर उतरली. ते पाणी वापरून झाल्यावर कुठे जातं, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. नळाला नर्मदा आल्यावर जुने तलाव तर आमच्या डोक्यातूनच गेले. मीही पुढची तीस-पस्तीस वर्षं सिरपूरला फिरकलो नाही.

आता बँकेचं. १९७३ला लागलो, देवास, खरगोन, उज्जैन करत १९८६ला इंदूरला परत आलो. शहर पश्चिमेला पसरत होतं. शेतं कापून कॉलन्या होत होत्या आणि गृहकर्जाचं काम माझ्या टेबलावर होतं. कागदपत्रांच्या बाबतीत मी फार कडक. रजिस्ट्री, खसरा, नकाशा, डायव्हर्शन, मागच्या तेरा वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला, एक कागद कमी असला तरी फाइल परत. लोक मला मागून काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. पण माझ्या हातून गेलेलं एकही कर्ज बुडालं नाही, ह्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

त्या सगळ्या फायलींत नकाशावर एक छोटा चौकोन असायचा, त्यात लिहिलेलं असायचं 'सेप्टिक टँक'. तो चौकोन दिसला की माझं समाधान. त्या टँकमधून जे ओघळतं ते पुढे कुठे जातं, न्हाणीघराचं, स्वयंपाकघराचं, कपडे धुतलेलं पाणी कुठे जातं, असा प्रश्न ना बँकेच्या फॉर्मवर होता ना माझ्या डोक्यात.

१९८८ला अशाच एका कॉलनीत मीही प्लॉट घेतला. १९९०ला घर झालं. एकूण बेचाळीस घरं, त्यातली निम्मी मराठी. कित्येकांची कर्जं माझ्याच सहीने झालेली. माझ्या शेजारच्या भाऊंचंही. भाऊ वीजमंडळात होते, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. आम्ही दोघांनी वास्तुशांत एकाच आठवड्यात केली, भटजींनी दोघांना मिळून दक्षिणेत सूट दिली. पुढची अठ्ठावीस वर्षं संध्याकाळचा चहा एक दिवस त्यांच्या ओट्यावर, एक दिवस आमच्या.

२०११ला निवृत्त झालो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी इतक्या वर्षांनी पुन्हा सिरपूरला गेलो. बघतो तर काय, गावाबाहेरचा तलाव आता शहराच्या पोटात. तरी आत शिरलं की वेगळंच जग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा तलाव पार वाईट अवस्थेत होता, तेव्हापासून आपल्याच इंदूरचे चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सोबती त्याच्यामागे लागले होते. अतिक्रमण, झाडतोड, चोरटी मासेमारी, एकेका गोष्टीशी वर्षानुवर्षं झगडत त्यांनी तलाव टिकवला. २०१६ला मोंढ्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले गेले, आणि त्यात पुढे मीच होतो. पेढे वाटायला काय लागतं?

हळूहळू मी पक्षी ओळखायला लागलो. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून, मध्य आशियातून बदकं येतात. थापट्या नावाचं एक बदक असतं, त्याची चोच खरंच गवंड्याच्या थापीसारखी. लालसरी येते, चक्रवाक येतात. आणि काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला चांदवा, त्याला आपल्याकडे वारकरी पण म्हणतात. शेकड्यांनी असतात, दिंडीसारखे. मला पहिल्यांदा हे नाव कळलं तेव्हा घरी येऊन हिला सांगितलं, "अगं, आपल्या सिरपूरला वारकरी उतरलेत." ही म्हणाली, "मग त्यांच्या जेवणाचं बघा."

तलाव खोल नाही. भर पावसाळ्यातसुद्धा फार तर दोन मीटर. मला आधी वाटायचं हा दोष आहे. मग कळलं की ह्या उथळपणामुळेच एवढे पक्षी येतात. तळापर्यंत ऊन पोचतं, पाणवनस्पती वाढतात, किडे आणि शिंपले होतात, लांब पायांच्या पक्ष्यांना कडेच्या चिखलात उभं राहून खाता येतं. पण त्याच उथळपणामुळे घाणही लवकर बाधते. खोल तलाव थोडं पोटात घालतो, उथळ तलावाला लगेच दिसून येतं.

आणि तसं दिसतच होतं. एका कोपऱ्यात नाला येऊन मिळायचा तिथे जलकुंभीचा हिरवा गालिचा वाढत चालला होता. जांभळी फुलं आली की लोक फोटो काढायचे. एका उन्हाळ्यात, वळवाच्या आधीच्या कोंदट दिवसांत, सकाळी कडेला मेलेले मासे दिसले. पांढरी पोटं वर. वास असा की रुमाल धरूनही चालवेना.

मी ज्येष्ठ नागरिकाचं जे कर्तव्य असतं ते केलं, म्हणजे बडबड केली. ह्या आजूबाजूच्या वस्त्या, हे लोक, ह्यांना शिस्त नाही, नाल्यात सगळं सोडतात. पाळीवर माझ्यासारखेच आणखी चार निवृत्त लोक असायचे, ते माना डोलवायचे. आमचं आम्हाला छान वाटायचं. घरी तर आम्ही गणपती बादलीत विसर्जन करायला लागलो होतो. शाडूची छोटी मूर्ती, विरघळलेली माती कुंडीत. सुनेने त्याचा फोटो टाकला, दीडशे लोकांनी अंगठे दाखवले. तलावासाठी आपण आपलं काम केलं, अशी माझी पक्की समजूत होती.

एकदा सकाळी जलकुंभी काढणारी माणसं पाण्यात उतरली होती. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून ढीगच्या ढीग काठावर टाकत होती. त्यातला एक वयस्कर माणूस दम खायला पाळीवर बसला. मी सवयीप्रमाणे वस्तीवाल्यांचा विषय काढला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबूजी, आप कौन सी कॉलोनी में रहते हो?"

मी सांगितलं.

"तो आपका नाला भी तो यहीं आता है," तो म्हणाला. "हम इधर से निकालते हैं, आप लोग उधर से खाद डालते हो।"

मला राग आला. आमची कॉलनी! पक्के रस्ते, सगळे शिकलेले लोक, बँकेची कर्जं! मी काही न बोलता घरी आलो. दोन दिवस बोललो नाही. पण बँकेतली सवय वाईट, नोंद जुळत नसेल तर झोप येत नाही.

मग आली रंगपंचमी. इंदूरची रंगपंचमी तुम्हाला सांगायला नको. सकाळी राजवाड्याकडे गेर, दुपारी घरोघरी लोक रंग घासून काढताना. आमच्या कॉलनीतही बेचाळीस घरांत एकाच वेळी अंघोळी. नात तेव्हा आठवीत होती, चेहरा अर्धा हिरवा, अर्धा गुलाबी. ती फाटकापाशी उभी राहून ओरडली, "आजोबा, नाली बघा कशी गुलाबी झाली!"

मी बघितलं. रस्त्याच्या कडेच्या नालीतून गुलाबी पाणी चाललं होतं. मनात काय आलं कोण जाणे, मी तिला म्हटलं, "चल, हे कुठे जातं बघू."

आम्ही दोघं नालीच्या कडेकडेने निघालो. नाली कॉलनीच्या मागे मोठ्या नाल्याला मिळाली. नाल्यात आणखी दोन कॉलन्यांचं पाणी मिळालं, तेही रंगीत. मार्च महिना, चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही, आणि नाला वाहत होता. म्हणजे त्यात पावसाचं काही नव्हतं. जे होतं ते सगळं आमचं. पुढे काटेरी झुडपं लागली तिथे नातीला थांबवलं आणि मी एकटा पुढे गेलो. जलकुंभीचा तो कोपरा लागला. हिरव्या पानांच्या मुळाशी, अगदी थोडा, पण गुलाबी रंग होता.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. चार्जशीट हातात पडल्यासारखं झालं होतं.

रात्री नातीनेच विज्ञानाचं पुस्तक उघडून मला समजावलं. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतं, मैल्यातून येतं, साबणाच्या पावडरीतून येतं. तेच खत. ते मिळालं की शेवाळं आणि जलकुंभी माजते. जलकुंभी मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे तिला खाणारं फारसं कोणी नाही, अनुकूल हवा असली तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती पाण्यावर पसरली की खाली ऊन जात नाही. मेलेलं शेवाळं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. रात्री तर वनस्पतीही प्राणवायूच घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो आणि मासे सकाळी मेलेले दिसतात. "आजोबा, कुणी विष टाकत नाही," ती म्हणाली. "मासे गुदमरतात."

त्या सुमारास शहरात घराघराचं सांडपाणी नाल्यातून काढून ड्रेनेज लाइनला जोडायचं काम चालू होतं. आमच्या कॉलनीच्या रस्त्यापर्यंत मोठी लाइन आली होती. घरापासून चेंबरपर्यंतची जोडणी मात्र ज्याची त्याने करायची. मी कॉलनीच्या समितीचा खजिनदार. मी बैठक बोलावली, सगळा हिशोब मांडला, गुलाबी पाण्याचा किस्साही सांगितला.

लोक हसले. मग अडचणी निघाल्या. पोर्चच्या टाइल्स फुटतील. मुलीचं लग्न आहे, नंतर बघू. तीस वर्षं चाललंय ना, काय बिघडलं? एक जण म्हणाला, आधी वस्त्यांचं बंद करा, मग आमच्याकडे या. म्हणजे कालपर्यंत मी जे म्हणत होतो तेच.

शेवटी भाऊ उठले. ते कधी बैठकीत बोलायचे नाहीत. म्हणाले, "साहेब, माझ्या घराचा नकाशा तुम्हीच पास केलात. तिथे सेप्टिक टँक लिहिलंय, तुमची सही आहे. तेव्हा का नाही विचारलंत? तेव्हा पाईप टाकायला पाचशे रुपये लागले असते. आता माझ्या पेन्शनीत तुम्ही मला तलाव शिकवताय?"

अठ्ठावीस वर्षांत ते मला 'साहेब' कधी म्हणाले नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर होते. मी एवढंच म्हणालो, "भाऊ, नाही विचारलं. चूक झाली." बैठक काही न ठरता संपली. दुसऱ्या दिवशी चहाची पाळी त्यांच्याकडे होती. मी गेलो नाही, त्यांनीही हाक मारली नाही. पुढे चहा बंदच झाला.

मी ठरवलं, आधी आपलं घर. प्लंबर आला, दोरी धरली, खुणा केल्या, आणि दोरी बरोबर तुळशी वृंदावनाच्या खालून गेली. हे वृंदावन आईने रामबागेतल्या वाड्यातून हातगाडीवर घालून आणलेलं. आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

ही म्हणाली, "वृंदावनाला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "वळसा घातला तर उतार मिळत नाही, प्लंबर म्हणतो."

"मग राहू द्या तुमचा पाईप. सासूबाईंच्या तुळशीखालून संडासाचं पाणी नेणार तुम्ही?"

ह्यावर काय बोलणार? आठ दिवस काम थांबलं. मी तिला तलावाचं, माशांचं, नातीच्या पुस्तकातलं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. नवव्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "मला दाखवा कुठे जातं ते." मी तिला नाल्यापर्यंत नेलं. ती कोपऱ्यापर्यंत आली, पदर नाकाला लावून बघत राहिली. मग तिला काठावरच्या जलकुंभीत अडकलेलं काहीतरी दिसलं. प्लास्टिकची पिशवी होती, आत सुकलेला हार, तुळशीची पानं आणि फुटका देव्हाऱ्यातला फोटो. कोणीतरी निर्माल्य म्हणून वाहिलेलं.

परत येताना ती काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले आणि म्हणाली, "तुळस आधीच त्या पाण्यात जातेय. वृंदावन सरकवा, मी करते पूजा." ईशान्येला जागा काढली, भटजींना विचारून सरकवलं. तुळस आठ दिवस मलूल झाली, मग सावरली. सगळा खर्च साडेअकरा हजार आला. पावती मी अजून जपून ठेवली आहे.

हिचं बघून समोरच्या वहिनींनी केलं. मग आणखी चौघींनी. बायकांनी मनावर घेतल्यावर कामं कशी होतात ते सगळ्यांना माहीतच आहे. माझ्या हिशोबाच्या कागदाने जे झालं नाही ते भिशीच्या दुपारी झालं. वर्षाअखेर एकतीस घरं जोडली गेली. निर्माल्यासाठी बागेच्या कोपऱ्यात खड्डा केला. इंदूरवाल्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी. काडीकचरा आणि शेण थरांनी रचून खत करायची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखतात, ती आपल्याच शहरातली. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथल्या संशोधन संस्थेत होते, तेव्हा त्यांनी इथल्या शेतकऱ्यांकडूनही शिकत ती बसवली. ज्या गावाच्या नावाने खत होतं त्या गावाने देवाची फुलं प्लास्टिकमध्ये बांधून पाण्यात टाकावीत, हे काही शोभत नाही.

पुढे तलावाचे दिवस थोडे बरे आले. २०२२ साली सिरपूरला रामसर स्थळाचा मान मिळाला. रामसर हे इराणमधलं गाव, तिथे २ फेब्रुवारी १९७१ला पाणथळ जागा वाचवायचा करार झाला. सिरपूरची १६१ हेक्टर जागा आता त्या यादीत आहे, यशवंत सागरही आहे. २०२४ला जागतिक पाणथळ दिनाचा देशाचा मुख्य कार्यक्रम सिरपूरच्या काठावर झाला. आणि २०२५च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही दोन शहरं भारतातली पहिली 'वेटलँड सिटी' ठरली. स्वच्छतेत पहिला नंबर तर २०१७पासून सलग काही वर्षं आपण मिळवलाच. ऐकून छाती फुगते. पण अडतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला एक ठाऊक आहे, ऑडिटमध्ये चांगला शेरा मिळाला म्हणजे रोजची खतावणी लिहायची थांबत नाही. पाटी लागली तरी नाला रोज वाहतो.

म्हणून माझ्या वयाच्या सगळ्यांना, आणि घर घेणाऱ्या मुलांना, थोडं सांगतो. उपदेश समजू नका, माझ्या चुकीतून शिकलेलं आहे.

घर घेताना पाणी कुठून येतं हे विचारताच, ते कुठे जातं हेही विचारा. शेवटच्या चेंबरपर्यंत चालत जाऊन बघा. लाइन नसेल आणि सेप्टिक टँक असेल तर तो दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या. आमचा एकोणतीस वर्षं उपसला नव्हता, म्हणजे तो टँक नव्हताच, नुसती वाट होती. आणि टँकचं ओघळ नाल्यात जात असेल तर तलावाला खत चालूच आहे, हे लक्षात ठेवा.

कपड्याची पावडर मापात घाला. पुडक्यावर लिहितात त्याच्या निम्म्यातही कपडे निघतात, हिचा अनुभव आहे.

पक्ष्यांना ब्रेड आणि शेव टाकू नका. त्यांना ते पचत नाही आणि उरलेलं पाण्यात कुजतं. पुण्य करायचंच असेल तर दुसरं पुष्कळ आहे.

तलावाचं सौंदर्यीकरण म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. कडेने सिमेंटची भिंत, रंगीत दिवे, कारंजं. पण कडेचा चिखल गेला की लांब पायांचे पक्षी गेले, रात्रभर दिवे जळले की उरलेले गेले. बसायला चार बाकं पुरेत.

आणि वस्तीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या मोरीपर्यंत एकदा जाऊन या. मी जाऊन आलो तेव्हा साठी उलटून गेली होती.

आता भाऊंचं. त्यांनी जोडणी केली नाही. मी दोनदा जाऊन म्हटलं, खर्च मी करतो. हे मी करायला नको होतं. स्वाभिमानी माणूस, फार दुखावला. पुढे वहिनी गेल्या. मी तेराही दिवस जात होतो, ते माझ्याशी बोलत होते, पण 'साहेब' म्हणूनच. नंतर मुलाने त्यांना पुण्याला नेलं. निघताना गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "तुझ्या वारकऱ्यांना नमस्कार सांग रे." 'तुझ्या' म्हणाले. मला तेवढं पुष्कळ झालं.

त्यांचं घर बंद आहे. बेचाळीसपैकी आता पाच घरं जोडायची राहिलीत, त्यात ते एक. कुलूप लागल्यापासून त्या घराचं पाणी नाल्यात जात नाही. हिशोबाने ही जमेचीच बाजू, पण मला तिचा आनंद होत नाही. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसतो तेव्हा त्यांचा ओटा रिकामा दिसतो. तीस वर्षांपूर्वी नकाशावरच्या त्या चौकोनापुढे एक प्रश्न विचारला असता, तर पाचशे रुपयांत काम झालं असतं आणि चहाही चालू राहिला असता.

ह्या हिवाळ्यात नातीबरोबर सिरपूरला गेलो होतो. ती आता कॉलेजात आहे, दुर्बीण तिची, काठी माझी. नाल्याचा तो कोपरा अजून पूर्ण साफ नाही, पण मधे मोकळं पाणी दिसतं. त्या पाण्यात वारकरी होते. ती मोजत होती, मी नुसता बघत होतो.

बडोद्याच्या सुरसागराजवळ राहणारे, हैदराबादच्या हुसेनसागराजवळचे, बेळगावच्या किल्ला तलावाकाठचे, ग्वाल्हेरचे आपले लोक इथे वाचत असतील. तुमच्या तलावाच्या आठवणी जरूर लिहा. आणि जमलं तर एकदा तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं तेही बघून या. त्यासाठी रंगपंचमीची वाट बघायची गरज नाही.

आपला,
इंदूरचा एक निवृत्त बँकवाला